स्थळं बघताना ‘पॅकेज’ आधी का येतं? अभ्यासमंडळासाठी मुद्दे हवेत

पर्वतीपायरी
नमस्कार मंडळी. कोथरूडच्या आमच्या अभ्यासमंडळात रविवारी ‘भांडवलशाही आणि जवळची नाती’ हा विषय आहे. येणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले, हिंजवडी-खराडीला नोकरी करणारे. ‘हल्ली मुली पैसाच बघतात’, ‘मुलांना भावनाच नाहीत’ इथवर गाडी येते आणि तेवढ्यात चहा येतो. जड परिभाषा टाळून फळ्यावर मांडता येईल असं काय घ्यावं? वेळ ९० मिनिटं.

ताळेबंद
बायोडेटातला आकडाच सोडवायला घ्या. समजा सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) १८ लाख, बेसिक म्हणजे मूळ पगार ४० टक्के, म्हणजे ७.२ लाख. पूर्ण बेसिकवर पीएफ असेल तर कंपनीचा वाटा १२ टक्के, ८६,४०० रुपये. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी साधारण ३४,६००. दोन्ही बहुधा सीटीसीत मोजलेले असतात, दरमहा हातात येत नाहीत. शिवाय व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला हिस्सा), स्वतःचा पीएफ, प्राप्तिकर. आता शेजारी लिहा: ६० लाखांचं गृहकर्ज, २० वर्षं, ८.५ टक्के. हप्ता सुमारे ५२,०००. लग्नाआधी फ्लॅट हवाच असं ठरलं की समोरच्याचा पगार म्हणजे अर्धा हप्ता. यात हावरटपणा कुठून आला?

चष्मिष
हिशोब बरोबर, पण अर्धाच. वाडवडिलांचं घर असलेलेही तीच चाळणी लावतात. विवाहाच्या साइटवर वय, उंची, शिक्षण, उत्पन्न, शहर अशा पाच अटी टाका. दर अटीला निम्मी स्थळं गळतात असं धरलं तर १००० पैकी ३१ उरतात. गळलेल्यांत कोण कसं बोलतं, भांडणानंतर किती दिवस अबोला धरतं, याला रकानाच नाही. जे मोजता येतं तेवढंच दिसतं, आणि वर्षभर तेच चाळल्यावर नजरही तशीच होते. (जातीचा रकाना भांडवलशाहीने आणलेला नाही, तिने तो फक्त एका क्लिकवर आणला.)

कांदेपोह्यांचे गोडवे मात्र कोणी गाऊ नयेत. पगार तेव्हाही विचारत, आणि १९६१ च्या कायद्यानंतरही हुंडा चालूच राहिला. आजचं वेगळेपण हे, की होकार देतानाही ‘याहून बरं’ स्थळ खिशात वाजत असतं. साइटची कमाई सदस्यत्वाच्या महिन्यांवर असते, लग्न जमलं की गिऱ्हाईक गेलं, हेही फळ्यावर येऊ द्या.

मुठाकाठ
लग्नानंतरचं विसरू नका. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविका आणि थकबाकी वसूल करणारे यांची तुलना केली: एकींना हसण्याचा पगार, दुसऱ्यांना दरडावण्याचा. सपोर्ट डेस्कवर नऊ तास ठरवून गोड बोललेला माणूस घरी ‘हं’ एवढंच म्हणतो. तो थकवा असतो, पण जोडीदार त्याचा अर्थ ‘प्रेम आटलं’ असा लावतो.

घरकामासाठी २०१९ चं सरकारी वेळ-वापर सर्वेक्षण घ्या. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचे ९७. मग १५ मिनिटं कागद वाटा, दोन रकाने: काम कोण करतं, ते लक्षात कोण ठेवतं. गॅस संपत आलाय, सासूबाईंची गोळी, शाळेची फी. पहिल्या रकान्यात पुरुष बऱ्यापैकी दिसतात, भांडण दुसऱ्यावरून होतं. जोडपी आली तर शेजारी बसवू नका, एकमेकांचं बघून लिहितात.