अनुभव धागा: देवाच्या भरवशावर तुम्ही नेमकं काय सोडलंत?

धागाकर्ती

उपासनेत साक्ष, म्हणजे देवाचा आलेला अनुभव, द्यायला सांगितली की बहुतेक साक्षी एकाच वळणाने जातात. अडचण आली, गुडघे टेकले, दार उघडलं, हालेलूया. खोट्या असतात असं नाही, पण मधला भाग गाळलेला असतो आणि मला तोच ऐकायचाय. पगाराचं काय झालं? सासूबाई काय म्हणाल्या? पहिल्या रात्री झोप लागली का?

हे डोक्यात आलं ते रेव्हरंड टिळकांमुळे. 1895 साली ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि गोत सुटलं, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. पण 1917 मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनचा बांधलेला पगारही सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, येशूला मानणाऱ्या सगळ्यांसाठी. मला हे दुसरं सोडणं जास्त अवघड वाटतं. तरुणपणी अंगात रग असते. पन्नाशीत घर असतं, बायको असते, महिन्याचा किराणा असतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या जागी मी असते तर... असो.

बायबलमधला घर सोडणारा अब्राहाम आणि होडी सोडणारा पेत्र उपदेशात भरपूर ऐकून झालेत, तेव्हा स्वतःचंच लिहा. कुठल्याही मंडळीचे, म्हणजे चर्चचे, असा. शेवट गोड नसला तरी चालेल. माणसांची नावं मात्र नकोत.

मिरजकन्या

मिरजेला नर्सिंग शिकले, मग पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूला. एसी, ठरलेली ड्युटी, पीएफ. मेळघाटातल्या एका छोट्या दवाखान्यात सिस्टर हवी आहे असं महिला मंडळात कळलं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. प्रार्थना केली ती 'मला पाठव' अशी नव्हे. 'दुसरी कोणीतरी मिळू दे' अशी केली. मिळाली नाही. पगार निम्म्यावर आला. आई दोन महिने फोनवर जेवढ्यास तेवढं बोलायची.

पहिल्याच पावसाळ्यात एक बाई आली, शेतात घोणस चावलेली. आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, नेलं होतं, त्यात वेळ गेला होता. पाय मांडीपर्यंत सुजलेला. तिथे लॅब कसली! अशा वेळी करायची ती एक साधी तपासणी: कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही. वीस मिनिटांनी तिरकी करायची. गोठलं असेल तर थांबून लक्ष ठेवायचं. पातळच राहिलं तर विष रक्तात भिनलंय, सापाच्या विषावरची लस सुरू करायची.

डॉक्टर दुसऱ्या गावी कॅम्पला, फोनवर रेंज येऊन-जाऊन. अमरावती म्हणजे घाट उतरून चार तास. मी खिडकीत नळी उभी करून घड्याळ बघत बसले. त्या वीस मिनिटांत मला एकही वचन आठवलं नाही, लहानपणापासून पाठ केलेली सगळी पुसली गेली. नुसतं 'प्रभू, प्रभू' चाललं होतं. नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं काठाला आलं. डॉक्टरांचा आवाज तेवढ्यात एकदाच नीट ऐकू आला: लसीच्या दहा वायल (कुप्या), सलाइनमधून, तासाभरात. रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनालिनची सिरिंज भरून उशाशी ठेवली. सहा तासांनी परत नळी लावली, तेव्हा रक्त गोठलं.

ती बाई वाचली. त्याच हंगामात आणलेला एक मुलगा नाही वाचला, तोही लिहिते, कारण साक्षीत तो कोणी सांगत नाही. मी त्यानंतरही तिथेच आहे. विश्वास आधी होता म्हणून गेले असं मला नाही म्हणता येणार. गेल्यावर लागला, तेव्हा मिळाला, तोही त्या-त्या रात्रीपुरता.

वसईकर काका

वरचं वाचून लिहू की नको असं झालं. माझं फार लहान आहे.

आम्ही कुपारी, म्हणजे वसईकडचे कॅथलिक, घरात कादोडी बोली बोलणारे. वाडी, केळी, फुलं, यापलीकडे मी कोणापुढे उभा राहिलेलो नाही. चर्चमध्ये शेवटचा बाक माझा. फादरांनी एका वर्षी पेन्टेकॉस्टच्या (प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या) मिस्साला, म्हणजे उपासनेला, पहिलं वाचन दिलं. ज्यांना ते वाचन माहीत आहे ते आत्ताच हसले असतील. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय: पार्थी, मेदी, एलामी, मग मेसोपटेम्या, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया! आठवडाभर मी फुलं तोडताना पंफुलिया म्हणत होतो. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवा.

वाचलं. कप्पदुकियाला पाय लटपटले, पुढे निभावलं. नंतर लक्षात आलं की ज्या दिवशी घाबरलेल्या माणसांची तोंडं उघडली त्याच दिवसाचं वाचन मला मिळालं होतं. फादरांनी मुद्दाम केलं का, ते अजून सांगत नाहीत.

सुवार्तिकाची मुलगी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, सुवार्तिकाच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या, घरातून. पप्पांनी बँकेतली नोकरी सोडली आणि 'विश्वासाने जगायचं' म्हणून आम्हाला घेऊन बीडकडे खेड्यात गेले. निर्णय त्यांचा, दर्शनही त्यांनाच. आम्ही भावंडं शाळेत फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभी. 'देवाने पुरवलं' असं पप्पा उपदेशात सांगायचे. पुरवठा कुठून यायचा ते मी रोज बघत होते: आईच्या शिलाई मशिनमधून. रात्री अकरापर्यंत परकर आणि ब्लाउज.

मंडळीतले लोक बाजरी आणून द्यायचे, हे खरं. पप्पांनी तिथे दारू सोडवलेली घरं आजही आम्हाला लग्नाला बोलावतात, हेही खरं. पण अशा साक्षींमध्ये बायकामुलांना कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न मी विचारत राहणार. आईला एकदा हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आणि मशीन कोणी दिली गं?" यावर मी काय बोलणार.

धागाकर्ती

ताई, तुमचं लिहिणं इथे हवंच होतं. "देवाने बोलावलं" याला घरात उलटा प्रश्न करता येत नाही, हीच अडचण. माझ्या मते बोलावणं खरं असेल तर बायकोच्या चार प्रश्नांनी ते मोडत नाही.

जालन्याहून

आमच्याकडचा कम्फर्ट झोन म्हणजे एक कागद, जातीचा दाखला. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. शिखांना तो 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाही. जात मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावाच्या डोळ्यांतून जात नाही. म्हणून रविवारी चर्चला आणि दाखल्यावर हिंदू, अशी घरं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्यांच्या पोरांची फी भरावी.

मुलीला शाळेत घालताना धर्माच्या रकान्यात मी 'ख्रिश्चन' लिहिलं. आम्ही नवरा-बायको आधी रात्रभर भांडलो, मग हिशेब केला, मग प्रार्थना केली, याच क्रमाने. भाऊ म्हणाला, पोरीच्या पायावर धोंडा घातलास. कदाचित. मोठी झाली की ती विचारेल आणि उत्तर मलाच द्यावं लागेल. काहीही चमत्कार झालेला नाही. एवढंच की आता उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणताना आवाज खाली जात नाही.

कुंपणावरचा

मी अजून काही सोडलेलं नाही, तरी लिहितो. हिंजवडीत आयटीत आहे. फ्लॅटचा हप्ता आहे, आई माझ्याकडे असते. सेमिनरीचा, म्हणजे पाळक होण्याच्या शिक्षणाचा, फॉर्म डाउनलोड करून ठेवलाय. सुवार्तिकांच्या मुलीचं वाचून तो आणखी खाली सरकवला, आणि बहुधा बरंच केलं. मला उपदेश करता येत नाही. येतं ते सॉफ्टवेअर आणि हिशेब. मिरजकन्याताई, तुमच्याकडे असल्या माणसाचा काही उपयोग आहे का?

मिरजकन्या

आहे की. औषधांचा स्टॉक अजून वहीत चालतो. सापाच्या लसीची एक्स्पायरी मी कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवते. पण नोकरी सोडून येऊ नका. आधी सुट्टी काढून पावसाळ्यात चार दिवस राहून बघा, उन्हाळ्यात सगळं छानच दिसतं. आईंना घेऊन या, त्यांना काय वाटतं ते कळेल. आणि टॉर्च चांगली आणा, लाइट जाते.