तळ्याचं पाणी हिरवं झालंय, बॅक्टेरियाची पावडर टाकून खरंच फरक पडतो का?

सकाळचा_ठाणेकर
मंडळी, आमच्या सोसायटीला लागून एक छोटं तळं आहे (नाव मुद्दाम देत नाही). एप्रिल संपत आला की पाणी हिरवंगार, वर साय धरते आणि मे मध्ये एखाद्या सकाळी मासे मरून काठाला लागलेले असतात, मग खिडकी उघडायची सोय नाही. मधोमध कारंजं आहे, ते संध्याकाळी रंगीत दिव्यांसकट चालू, रात्री दहाला बंद. आता वॉकिंग ग्रुपमधले एक काका कुठल्यातरी कंपनीच्या माणसाला घेऊन आलेत, तो म्हणतो दर महिन्याला बॅक्टेरियाची पावडर टाका, पाणी काचेसारखं होईल. वर्गणी काढायचं चाललंय. कोणी वापरलंय का? की पैसे पाण्यात?

तळ्यात_मळ्यात
पैसे पाण्यातच 😀
सांडपाण्याच्या प्लँटवर काम करतो म्हणून लिहितो. पावडरने वास थोडे दिवस कमी होईलही, पण मूळ दुखणं म्हणजे तळ्याला फुकट मिळणारं खत. सांडपाणी, साबण-डिटर्जंट, निर्माल्य, सगळ्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो आणि शेवाळ माजतं. नायट्रोजन निदान वायू होऊन उडून तरी जातो, फॉस्फरसला ती वाटच नाही, तो पाण्यात नाहीतर शेवाळात नाहीतर तळाच्या गाळात. बॅक्टेरियाने खाल्ला तरी ते मेले की परत तिथेच.
कॅनडात १९७३ ला एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले होते, एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसरीकडे तेच पण वर फॉस्फरस. फॉस्फरसवाली बाजूच हिरवीगार झाली. विमानातून काढलेला फोटो आहे, बघाच.
आणि मासे सकाळीच का मरतात, तर दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं पण रात्री स्वतःच ओढतं, पहाटे पाण्यात उरतच नाही. त्यामुळे कारंजं संध्याकाळी शोभेला लावण्यापेक्षा मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत चालवा. फॉस्फरस त्याने हलणार नाही, पण मासे वाचतील.

नेरुळचा_निवांत
आमच्याकडे तर लोक शेवाळाच्या जिवावर फोटो काढतात, छोट्या फ्लेमिंगोंचं मुख्य खाणंच ते. ठाणे खाडी २०२२ ला रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली. मग हिरवं पाणी वाईटच असं कसं?

तळ्यात_मळ्यात
@नेरुळचा_निवांत खाडीला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी आहे हो, पाणी हलतं. यांचं तळं म्हणजे बूच लावलेलं बेसिन.

कोलबाडची_मावशी
सकाळचा दादा, आधी ते ब्रेडवाले बंद करा. पुण्य मिळतं म्हणून लोक अख्खी पाकिटं ओततात, मासे खातात किती आणि कुजतं किती, आणि पिशवीसकट हार फेकणारे वेगळेच. निर्माल्य कलश शेजारी असतो तरी फेकणार पाण्यातच! जलपर्णी असेल तर हिरवी असतानाच उपसा आणि लांब न्या, काठावर ढीग लावला की पहिल्या पावसात सगळा रस परत आत.

तळ्यात_मळ्यात
मावशींना +१. खर्च न करता होणारी एक गोष्ट सांगतो. पाऊस सुरू व्हायच्या आत तळ्याला चक्कर मारून सगळे पाईप बघा. मे महिन्यात पावसाच्या गटारातून पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही, कुणीतरी ड्रेनेज जोडलंय. पाण्यात फेस असेल तर वॉशिंग मशीनचं समजा. फोटो, वेळ, जागा टाकून लेखी तक्रार करा, आणि आपल्या सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी साफ करायचा प्लँट) लाइटबिलासाठी रात्री बंद ठेवतात का तेही विचारा (हे विचारलं की कमिटीत शत्रू तयार होतात, अनुभव आहे). आणि चालू असला तरी बहुतेक साधे प्लँट फॉस्फरस फारसा काढत नाहीत, त्यासाठी वेगळी टाकी किंवा तुरटीसारखं केमिकल लागतं.
येणारं बंद झाल्यावरच गाळ काढा. आधी काढला तर दोन-तीन वर्षांत परत तेच. आणि बंद झाल्यावरही लगेच निळंशार होणार नाही, उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातला जुना फॉस्फरस वर येत राहतो.

सकाळचा_ठाणेकर
धन्यवाद सगळ्यांना. मंदिराच्या मागे एक पाईप आहे तो बारमाही वाहतो, आम्हाला वाटायचं झरा आहे 🤦 काकांना वर्गणी थांबवायला सांगितलंय, फुगलेत. कारंज्याच्या टायमरची चावी कोणाकडे असते ते शोधतोय.

कोलबाडची_मावशी
वॉचमनला विचारा, त्याच्याकडेच असणार.