महाराजासकट प्रवास केला तर डोक्यातलं काही बदलतं का?

पर्वतीपायथा: पुण्याहून दक्षिणेत जाणाऱ्या ग्रुप टूर्समध्ये बरेचदा स्वयंपाकाचा महाराज सोबत असतो. तंजावरातही वरण-भात आणि बटाट्याची भाजी. अशी माणसं गेली तशीच परत येतात. 'मद्रासी सगळं एकत्र कालवून खातात' हा समज कायम, कारण केळीच्या पानावर बसायची वेळच येत नाही. बसलं की कळतं, तिथे क्रम ठरलेला आहे: वरण-तूप, मग सांबार, मग रसम, शेवटी दही किंवा ताक, दर वेळी नवा भात. आपण पहिल्याच वाढपाला भाताचा डोंगर घेतो आणि रसमपर्यंत पोट भरतं. थोडाच भात घ्या आणि रसमला आळं करा, नाहीतर ते पानावरून थेट मांडीवर.

शनिपार: सत्तरीतल्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला सांगा हे! ओळखीचं जेवण वेळेवर मिळणार म्हणून तर तो घराबाहेर पडतो. तंजावरच्या बृहदीश्वर देवळाच्या प्राकारात १८०३ चा लांबलचक मराठी शिलालेख आहे, तिथले मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातला, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा. मराठेशाही म्हणजे फक्त अटक आणि पानिपत धरून बसलेला माणूस तिथे गप्प होतो. वरण-भात खाऊन आलेला असला तरी.

पर्वतीपायथा: गप्प होतो की छाती फुगवून फोटो काढतो? देऊळ राजराजा चोळाचं, १०१० मध्ये पुरं झालेलं. भोसले आले साडेसहाशे वर्षांनी, आणि ते तेलुगूतही लिहीत. हे बसमधून कळत नाही. मदुराईहून नाश्ता करून निघालेली बस पोचते तेव्हा गाभारा दुपारी बंद व्हायला आलेला असतो, शिलालेखापर्यंत जातो कोण? मुक्काम तंजावरातच हवा. सकाळी देऊळ, नंतर सरस्वती महाल ग्रंथालय.

कॅम्पवाला: तंजावर कशाला? पुण्यातच रास्ता पेठेत बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. मूळ कोकणातले, घरात मराठी, पूर्वी धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. कॅम्पातलं लाल देऊळ हेही सिनेगॉगच, पण वेगळं, डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं, १८६७ चं. ससून बगदादी ज्यू. जन्म पुण्यात काढलेले लोकही दोन्ही एकच समजतात. (आत जायचं तर आधी विचारून जा.)

शनिपार: समजणारच, शेजारचं कोण बघतं? पैसे मोजले की माणूस डोळे उघडतो, म्हणून बसच बरी. फार तर महाराजाला तंजावरात एक दिवस सुट्टी द्या. पण ते बुकिंग करतानाच ठरवा, आयत्या वेळी सांगाल तर उद्याची मटकी भिजत पडलेली असते.