गुंड्याला घरी एकटं ठेवायचं का?

ग्रुप : आपली सोसायटी (फक्त कामाचे बोला)

गुरुवार

रश्मी, बी-३०२ : नमस्कार मंडळी. सल्ला हवाय. भाऊबीज झाली की शुक्रवारी पहाटे आम्ही गुहागरला निघतोय, सोमवारी रात्री परत. सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे, न जाऊन चालणारच नाही. प्रश्न आमच्या कुत्र्याचा, गुंड्याचा. सुनीता मावशी सकाळ-संध्याकाळ येऊन खायला घालतील, खाली फिरवून आणतील. बाकी वेळ तो घरात. पंखा चालू, बाल्कनी बंद, पाणी दोन भांड्यांत. कुणी असं ठेवलंय का?

तुषार, सी-५०४ : कॅमेरा लाव. मोबाइलवर दिसतो, त्यातून बोलताही येतं. माझ्याकडे एक जास्तीचा पडलाय.

शिंदे काकू, ए-१०३ : गुणी बाळ आहे ते. मी देईन पोळी.

दीपक, बी-३०२ : बघ, मी तेच म्हणत होतो. चारच दिवस आहेत.

सचिव : पाण्याचा टँकर ४ ऐवजी ६ वाजता येईल. सभासदांनी सहकार्य करावे.

जोशी काका, बी-२०२ : "बाकी वेळ तो घरात" हे वाक्य वाचले. त्या बाकी वेळात मी त्याच्या खाली राहतो.

रश्मी : काका, भुंकतो का तो? आम्ही असताना तर हूं की चूं नसतं.

जोशी काका : तुम्ही असताना नसतंच.

जोशी काका : भुंकत नाही. रडतो. मी बँकेत ३४ वर्षे काढली, नोंद ठेवायची सवय आहे. तक्रार अर्जाला जोडायला वही घातली आहे. मंगळवारचं देतो. ९.१२ दार बंद. ९.१५ दारावर नखं. ९.२० ते १०.०५ रडणं, मध्ये मध्ये कोल्हेकुई. १०.३० लिफ्ट तिसऱ्यावर थांबली, पुन्हा सुरू. १.१० बाई आल्या, शांत. १.४० बाई गेल्या. १.४२ पुन्हा.

रश्मी : काका, हे आम्हाला आजवर कुणीच सांगितलं नाही 😔

जोशी काका : अर्ज पूर्ण झाल्यावर सांगणार होतो.

सानिका, ए-४०१ : काका, त्या वहीच्या सगळ्या पानांचे फोटो टाका ना, प्लीज. चेष्टा नाही करत. आम्ही शिरवळला व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात मालकांना विचारतो "तुम्ही गेल्यावर काय करतो?" तर उत्तर येतं "माहीत नाही, आम्ही नसतो ना."

मोहिते सर, सी-२०१ : अर्जाचे म्हणाल तर सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत, लिफ्टसुद्धा नाकारता येत नाही. पण त्याच न्यायाने १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मालकालाही लागू आहे. कलम ११. अन्न, पाणी, निवारा न देणे, सोडून देणे, सगळे त्यात येते.

दीपक : सर, आम्ही सोडून नाही चाललो त्याला. केळवणासारखं जेवण ठेवून चाललोय.

सानिका : दीपकदादा, प्रश्न जेवणाचा नाहीये. मावशी दोनदा येणार, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. दिवसाचे उरलेले साडेबावीस तास काय? आणि रात्री? शांत, वयस्कर, एकटं राहायची सवय असलेल्या कुत्र्यालाही अख्खी रात्र एकटं ठेवू नये असंच मी म्हणेन. हा तर दार लागून तीन मिनिटं होत नाहीत तोवर नखं काढतो.

सानिका : थोडं लांब लिहिते, रागावू नका. एकटं राहायची भीती असलेला कुत्रा सूड म्हणून सोफा फाडत नाही की मुद्दाम दारात मुतत नाही. ते घाबरणं आहे. बहुतेकांचं पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त चढतं, म्हणून जोशीकाकांचे ९.१५ आणि १.४२ माझ्यासाठी महत्त्वाचे. खुणा बघा : दाराशी लाळेचं थारोळं, उंबऱ्याजवळ ओरखडे, येरझाऱ्या, आणि ठेवलेल्या आवडत्या खाण्याला तोंड न लावणं. भीती वाटत असेल तर चिकनसुद्धा गिळवत नाही. तुम्ही परत आलात की मग तुटून पडतो. असं होतं का?

रश्मी : होतं गं. मी म्हणायचे किती शहाणा, माझी वाट बघतो जेवायला.

अफरीन, बी-३०१ : रश्मी, त्याची आधीची गोष्ट सांग ना यांना. सगळ्यांना माहीत नाही.

रश्मी : आठ महिन्यांचा असताना मिळाला आम्हाला. एका बिल्डिंगमधले भाडेकरू फ्लॅट सोडून गेले आणि हा आतच. वॉचमनला तिसऱ्या दिवशी आवाजाची शंका आली. तेव्हापासून बॅग भरायला काढली की हा बॅगेत जाऊन बसतो. आम्ही त्यावर हसून फोटो काढतो. आज ते फोटो बघवत नाहीयेत.

तुषार : 😶

शिंदे काकू : अरे देवा. आणि मी पोळीचं बोलत होते.

गोखले, सी-३०३ : सोपा उपाय. सर्दीची गोळी अर्धी द्या, पडून राहील. आमच्या गावी देतात.

सानिका : काका, कृपा करून नको. माणसांच्या गोळ्या अंदाजाने अजिबात नाहीत. आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी तर कुत्र्याचं पोट आणि किडनी दोन्ही बिघडवते. आणि नुसतं गुंगवणाऱ्या औषधाने अंग ढिलं पडतं, आतली भीती तशीच राहते. घाबरलेला, पण हलता येत नाही.

गोखले : बरं बाई.

सानिका : डॉक्टर देतात ती औषधं वेगळी. ट्रॅझोडोन तेवढ्यापुरतं देतात, पण आधी घरी आपल्या डोळ्यांदेखत देऊन बघायचं, काहींना उलटं चढतं. फ्लुओक्सेटिन रोजचं असतं आणि लागू पडायला चार-सहा आठवडे लागतात. म्हणजे या दिवाळीला उपयोग नाही. आणि तुषार, कॅमेऱ्यातून बोलायचं नाही हं. आवाज येतो, माणूस नाही, मग काही कुत्रे घरभर शोधत फिरतात. नुसतं बघायला कॅमेरा उत्तम.

अफरीन : कुत्रे सांभाळतात त्या बोर्डिंगमध्ये ठेवलं तर?

मोहिते सर : आम्ही आमच्या लॅब्रडॉरला एकदा ठेवले होते. नाव घेत नाही. चार दिवसांनी आणला तो गोचिडांनी भरलेला. पुढच्या आठवड्यात ताप, हिरड्या पांढऱ्या, प्लेटलेट खाली. गोचीड ताप. वाचला, पण महिनाभर घर दवाखान्यात.

तुषार : दिवाळीत आता जागा पण मिळायची नाही. ऑफिसातल्या एकाने सप्टेंबरमध्येच बुक केलंय.

सानिका : चांगली ठिकाणं असतात. विचारायचं एवढंच, की रात्री तिथे माणूस झोपतो का, आणि लसीकरणाचं कार्ड मागतात का. न बघता घेणारे असतील तर तिथूनच परत यायचं. पण ज्याला बंद दार म्हणजे तो फ्लॅट आठवतो, त्याला पहिल्यांदाच चार दिवस पिंजऱ्यात ठेवणं मला नाही पटत.

दीपक : म्हणजे मी बाबांना काय सांगू? कुत्र्याला बरं वाटत नाही म्हणून येत नाही?

रश्मी : दीपक, हे घरी बोलू.

दीपक : घरी बोललोच ना. म्हणून तर तू ग्रुपवर टाकलंस.

सचिव : टँकर आला आहे.

शुक्रवार

तुषार : वाद नको, चाचणी घ्या. उद्या रात्री तुम्ही दोघं कुठेतरी जा. मी आत्ता कॅमेरा लावून देतो. दिसेल ना काय ते.

सानिका : चालेल, पण अट आहे. फार जवळ राहायचं आणि त्रास दिसला की लगेच परत यायचं. "रडून रडून झोपेल" असं करायचं नाही. त्याने भीती मोडत नाही, पक्की होते.

रश्मी : नणंद वारज्याला राहते. दहा मिनिटांवर.

जोशी काका : मी जागा असतोच.

शनिवार

रश्मी : ८.३५ निघालो. कोंबडीचा रस्सा घातलेला भात ठेवलाय, त्याचा जीव की प्राण. मावशी जेवण देऊन ८.३० ला गेल्या, अगदी ठरल्यासारखं.

जोशी काका : ८.३७ नखं.

तुषार : मलाही दिसतंय. दार, हॉल, बेडरूम, दार. दार, हॉल, बेडरूम, दार.

शिंदे काकू : भाताकडे बघतही नाहीये का रे?

तुषार : वास घेऊन गेला.

अफरीन : मी दाराबाहेरून हाक मारू का?

सानिका : नको ताई, दार उघडणार नाही आणि तो आशेवर राहील.

जोशी काका : ८.५२ रडणं. आवाज मोठा नाही. मोठा असता तर बरं, असला आवाज भिंतीतून उतरतो.

दीपक : थोडं थांबू. शांत होईल.

तुषार : दादा, उंबऱ्याजवळची फरशी ओली दिसतेय. लाळ आहे बहुतेक.

जोशी काका : ९.१० वरून काहीतरी पडलं.

तुषार : चपलांचा स्टँड. त्याच्यावर चढतोय. कडी गाठायला बघतोय तो.

दीपक : निघालो.

रश्मी : ९.२६ पोचलो. पुढच्या पंजाचं एक नख तुटून रक्त आलंय. आता दीपकच्या मांडीवर आहे आणि भात खातोय. दोघं एकाच ताटलीतून खातायत असं दिसतंय.

दीपक : आम्ही ५१ मिनिटं बाहेर होतो. आणि मी चार दिवस म्हणत होतो.

रविवार

रश्मी : ठरलं. तो घरी एकटा राहणार नाही. आता कसं न्यायचं ते सांगा.

मोहिते सर : रेल्वेचा विचार सोडा. कुत्रा नेण्यासाठी फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. पेटीत तुमचा गुंड्या टिकायचा नाही.

दीपक : गाडीनेच. कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण.

अफरीन : घाटात आमची मुलंच उलट्या करतात.

सानिका : निघायच्या आधी पाच-सहा तास जेवण नको, पाणी थोडं थोडं. गाडीत सुटा नको, हार्नेसला पट्टा. दर दोन तासांनी उतरवायचं, पण दार उघडायच्या आधी पट्टा हातात. दिवाळीत सगळ्यात जास्त कुत्रे हरवतात ते फटाका ऐकून असं दार उघडल्यावर. गळपट्ट्यावर दोघांचे नंबर आजच घाला. गोचिडांचं औषध निघायच्या आधी द्या, कोकणात पावसानंतरचं गवत आहे. रेबीजची लस झालीय ना? आणि उद्या डॉक्टरांना नख दाखवा, त्याच वेळी प्रवासाच्या गोळीचं विचारा.

दीपक : आईशी बोललो. पडवीत चालेल, माजघरात नाही. देवघर आहे.

गोखले : गुहागरकडचा माणूस म्हणून सांगतो. रात्री अंगणात बांधू नका. बिबट्या कुत्रा उचलतो, आमच्या वाडीत दोन नेले. पडवीला दार आहे का?

दीपक : गज आहेत, दार आहे, कडी आहे. पण पडवीत एकटा ठेवला तर पुन्हा तेच ना?

रश्मी : मी पडवीत झोपणार आहे.

शिंदे काकू : अगं सून तू त्या घरची, पंचाहत्तरीला पडवीत?

रश्मी : काकू, सासूबाई म्हणाल्या, "घाल गादी, उकाड्यात मीही येते बाहेर." दीपकला ते सांगायचं राहिलं असेल.

दीपक : राहिलं नाही. मला कुठे झोपायचं ते विचारत होतो.

तुषार : फटाक्यांचं काय पण? तोवर लक्ष्मीपूजन यायचंय.

रश्मी : त्या रात्री आम्ही घरीच. मधली खोली, पडदे, मोठ्याने टीव्ही. फिरवून आणणं उजेड असतानाच.

सचिव : सर्व सभासदांना स्मरण : रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवू नयेत. दरवर्षी सांगतो. दरवर्षी पार्किंगमध्ये वाजतात.

मोहिते सर : तुमच्याच पुतण्याने वाजवले होते गेल्या वर्षी.

सचिव : या वर्षी वाजणार नाहीत.

जोशी काका : एक शंका. सोमवारी रात्री येणार. मंगळवारी सकाळी ९.१२ ला पुन्हा सुरू होणार का?

रश्मी : काका, मी महिनाभर घरून काम मागितलंय. सानिकाने तक्ता करून दिलाय. किल्ली उचलायची आणि परत बसायचं. चपला घालायच्या, जायचं नाही. मग दार लावून दहा सेकंद, मग तीस, मग मिनिट. तो घाबरायच्या आत परत यायचं. अर्ध्या तासापर्यंत पोचायलाच कितीतरी आठवडे लागतील म्हणाली.

जोशी काका : म्हणजे दार सारखं उघडझाप होणार.

रश्मी : हो काका. सॉरी.

जोशी काका : मग अर्ज सध्या देत नाही. वहीचे काय करू?

सानिका : काका, चालू ठेवा. दार कधी लागलं आणि आवाज कधी आला, या दोन्ही वेळा लिहा. मधलं अंतर वाढतंय का ते आम्हाला आतून कळणार नाही.

जोशी काका : नवीन वही घ्यावी लागेल. जुनीवर "तक्रार" लिहिले आहे.