मदत हवी आहे: पाच लढाया, निकाल एकीचाही नाही. अशा फ्रेंच दर्यासारंगावर चाळीस मिनिटं बोलू तरी काय?

निवांत_नाना:

नमस्कार मंडळी. मी एरवी वाचनमात्र. गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

उन्हाळ्यात लेकीकडे पॅरिसला होतो. रोज सकाळी आयफेल टॉवरच्या कडेने जाणाऱ्या अव्हेन्यू द सुफ्राँवर फेरी मारायचो. हा सुफ्राँ कोण, म्हणून जावयाला विचारलं, तर म्हणाला, "असेल कुणी सरदार, बाबा." शोधलं तर हा गृहस्थ आपल्या मद्रासच्या किनाऱ्यावर दीड वर्ष इंग्रजांशी झुंजत होता! परत आल्यावर कट्ट्यावर बोलून गेलो आणि सेक्रेटरींनी पुढच्या महिन्याचं भाषण माझ्याच गळ्यात मारलं. समोर तीस-पस्तीस ज्येष्ठ, त्यातले निम्मे पानिपत कोळून प्यायलेले आणि समुद्र म्हणाल तर भाऊच्या धक्क्यापर्यंतचा.

जमवलेलं थोडक्यात लिहितो. पियेर आंद्रे द सुफ्राँ. जन्म १७२९, प्रोव्हान्स प्रांतात, सरदार घराण्यात. थोरला मुलगा नव्हे, त्यामुळे आरमार आणि माल्टाच्या धर्मयोद्ध्यांचा संघ हे दोन मार्ग. चौदाव्या वर्षी आरमारात. इंग्रजांच्या कैदेत दोनदा, १७४७ आणि १७५९ साली. नंतर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच ॲडमिरल देस्तँगच्या हाताखाली. मार्च १७८१ मध्ये पाच जहाजं घेऊन ब्रेस्टहून निघाला. वाटेत केप व्हर्दच्या प्राया बंदरात पाणी भरायला थांबलेल्या इंग्रज ताफ्यावर नांगरावर असतानाच तुटून पडला, मग त्यांच्याआधी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला (केप ऑफ गुड होप) पोचून डचांचं ते ठाणं वाचवलं. फेब्रुवारी १७८२ मध्ये वरिष्ठ अधिकारी वाटेतच वारला आणि सगळा ताफा याच्या हाती आला.

मग इंग्रज ॲडमिरल ह्यूजशी पाच लढाया: १७८२ मध्ये सद्रस, प्रोव्हिडियन, नागपट्टणम, त्रिंकोमाली आणि १७८३ मध्ये कडलूर.

अडचण इथे आहे. पाचांत मिळून कुठल्याच बाजूचं एकही मोठं जहाज पकडलं गेलं नाही की बुडालं नाही! मग हा मोठा कसा? कट्ट्यावर जोशीसाहेब पहिला प्रश्न हाच विचारणार. शिवाय त्या रांगेच्या लढाया मला स्वतःलाच धड कळलेल्या नाहीत. आणि मराठ्यांचा धागा कुठे जुळतो का, हेही सांगा, नाहीतर अर्धा हॉल चहाकडे वळेल.

शिडाचा_माणूस:

नाना, आधी नाव. सुफ्राँ नव्हे, सुफ्रेन. प्रोव्हान्सकडचं नाव आहे, शेवटचा 'न' स्पष्ट म्हणतात. जावयाला सांगू नका.

चाळीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, म्हणून रांगेचं मी सांगतो. तोफा जहाजाच्या दोन्ही कुशींत, पुढे-मागे जवळपास नाहीत. म्हणून जहाजं एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी चालायची आणि समोरची रांग समांतर येऊन एकमेकींवर तोफा डागायची. दिवसभर धूर, डोलकाठ्या मोडायच्या, माणसं मरायची, संध्याकाळी दोघे आपापल्या वाटेने. त्या काळच्या बहुतेक लढाया अशाच.

सुफ्रेनला हे मान्य नव्हतं. सद्रसला त्याने ठरवलं की इंग्रज रांगेची शेवटची पाच जहाजंच धरायची आणि दोन्ही कुशींकडून चेपायची. पुढच्यांना वळून परत येईपर्यंत खेळ आटोपलेला. इंग्रजांचं 'एक्झेटर' जवळजवळ संपलंच होतं. पण त्याच्या मागच्या कप्तानांनी लांबूनच तोफा वाजवल्या. कुणाला डाव कळला नाही, कुणाला कळून घ्यायचा नव्हता. हे पुढेही थोड्याफार फरकाने घडलं.

दोषाचा वाटा त्याच्याकडेही जातो, हे मात्र सांगाच. डाव डोक्यात ठेवायचा, अधिकाऱ्यांना बसवून समजावायचा नाही आणि नंतर पॅरिसला तक्रारींची पत्रं पाठवायची. तोंडही भयंकर फटकळ. असा साहेब मी एक पाहिलाय, जहाज उत्तम चालवायचा, पण ब्रिजवर त्याच्याजवळ कुणी उभं राहत नसे.

नागपट्टणमचा एक प्रसंग जरूर सांगा. ६ जुलै १७८२, अकरा विरुद्ध अकरा. 'सेव्हेर'चा कप्तान सियार घाबरला आणि त्याने निशाण उतरवायला लावलं, म्हणजे शरणागती. त्याच्याच अधिकाऱ्यांनी ऐकलं नाही, निशाण पुन्हा चढवलं आणि जहाज लढत राहिलं. सियारची नोकरी गेली. दोन महिन्यांनी त्रिंकोमालीला खुद्द सुफ्रेनच्या 'एरो'ची मुख्य डोलकाठी निशाणासकट कोसळली. इंग्रजांना वाटलं, शरण आला, त्यांनी जल्लोष केला. हा डेकवर ओरडत सुटला की निशाणं आणा, जहाजभर लावा!

आता जोशीसाहेबांचं उत्तर. लढाया मोजू नका, बंदरं मोजा. ह्यूजच्या पाठीशी मद्रास होतं आणि दुरुस्तीला मुंबईची गोदी. ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी वाऱ्यात कोरोमंडल किनाऱ्यावर जहाज उभं करणं म्हणजे आत्महत्या, तेव्हा ह्यूज सरळ मुंबईला गेला. सुफ्रेनला जवळची फ्रेंच गोदी म्हणजे मॉरिशस, आणि तिकडे गेला असता तर किनारा सुटला असता. तो गेलाच नाही. डोलकाठी मोडली की छोट्या जहाजांची काढून मोठ्यांना लावायची, कडलूरमध्ये घरं पाडून लाकूड आणायचं, हिवाळा सुमात्रात अचीनला काढायचा. ऑगस्टअखेर त्याने त्रिंकोमाली घेतलं तेव्हा कुठे हक्काचं बंदर मिळालं. ह्यूज तिथे पोचला २ सप्टेंबरच्या संध्याकाळी. पाहतो तर किल्ल्यावर फ्रेंच निशाण.

वाचनवेडी:

नानाकाका, एक बाजू झाकू नका. सुफ्रेनकडे इंग्रज कैदी साठले होते, त्यांना खायला घालणं जड जात होतं आणि कैद्यांच्या अदलाबदलीचं जमलं नाही. १७८२ च्या पावसाळ्यात त्याने ते कैदी हैदर अलीच्या हवाली केले. पकडलेल्या 'हॅनिबल' जहाजावरची कोवळी पोरंही त्यांत होती. त्यातला जेम्स स्करी दहाएक वर्षं म्हैसूरच्या कैदेत राहिला, सुटल्यावर त्याने ती हकिकत लिहून ठेवली. स्वतः दोनदा कैद भोगलेल्या माणसाने हे करावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. इंग्रजांनी त्याला याबद्दल खूप झोडपलं, त्यात प्रचाराचा भाग असेलही, पण घडलं ते घडलं.

हलकं काही हवं असेल तर हैदरची भेट घ्या. जुलै १७८२ च्या अखेरीस कडलूरजवळ दोघे भेटले. सुफ्रेन अवाढव्य जाडा. दरबारी रीतीने मांडी घालून बसणं त्याला जमेना, तेव्हा हैदरने त्याच्यासाठी उशा-लोड मागवले आणि जमेल तसं बसा म्हटलं, असं सांगतात. कट्ट्यावर गुडघेदुखीवाले बरेच असतील, हा प्रसंग त्यांना नक्की भिडेल.

विजयदुर्गकर:

मराठ्यांचा धागा आहे, पण ताणू नका. नाना फडणीस आणि सुफ्रेन यांची भेट वगैरे रचू नका, लोक लगेच पुढे पाठवतात.

खरं एवढं. १७७७ मध्ये सें ल्युबँ हा फ्रेंच पुण्यात येऊन राहिला होता, त्यानेच इंग्रजांची झोप उडवली. १७८० मध्ये पुणे, हैदर आणि निजाम इंग्रजांविरुद्ध एकत्र आले. सुफ्रेन आला तो या जुळणीच्या शेवटाला. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला, म्हणजे त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लढाईच्या मधे. हैदरने जिंकलेला कर्नाटकातला (आजचं राज्य नव्हे, अर्काटच्या नवाबाचा तमिळ प्रदेश) मुलूख परत करावा असं त्यात कलम होतं. नानांनी तहावर शिक्कामोर्तब मात्र लांबवलं. डिसेंबरात हैदर वारला, आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये पुण्याने तह पक्का केला.

आमच्या गावचं एक टाकतो. ८ एप्रिल १७८३ ला आनंदराव धुळपांच्या आरमाराने विजयदुर्गाजवळ कंपनीचं 'रेंजर' जहाज धरलं. तह झालेला असूनही! मोठमोठे इंग्रज अधिकारी त्यावर होते, कर्नल हंबरस्टन त्या जखमांनी गेला. पूर्वेला सुफ्रेन आणि पश्चिमेला धुळप, एकाच हंगामात. संबंध काही नाही, पण नकाशावर दोन टाचण्या लावल्यात तर हॉल चहाकडे जाणार नाही.

निवांत_नाना:

सगळ्यांचे आभार. शिडाचा माणूस, काल रात्री जेवणाच्या टेबलावर कडलूरची लढाई मांडली. १८ चवळ्या इंग्रजांच्या, १५ राजमे फ्रेंचांचे, टेबलफॅन म्हणजे वारा. सौ. आधी चिडली, मग तीच म्हणाली, "तुझे राजमे कमी आहेत, तरी पुढे कशाला नेतोस?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कडलूरला जमिनीवरून इंग्रजांनी फ्रेंच जनरल बुसीला कोंडलं होतं. सुफ्रेनकडे जहाजं कमी आणि तोफांवर माणसं कमी. त्याने बुसीच्याच फौजेतून १२०० जण उसने घेतले, २० जून १७८३ ला लढला, ह्यूज मद्रासला परतला, आणि याने ती माणसं परत उतरवून वर आपलेही खलाशी दिले. शहर वाचलं. जहाज एकही पकडलं नाही, तरी!

त्यातही गंमत म्हणजे त्या दिवशी तो 'एरो'वर नव्हताच. आदल्या वर्षी वेस्ट इंडीजमध्ये फ्रेंच ॲडमिरल द ग्रास जहाजासकट पकडला गेला, म्हणून राजाचा हुकूम आला होता की सेनापतीने लढाई छोट्या फ्रिगेटवरून चालवावी. आणि युरोपात तहाची कलमं २० जानेवारीलाच ठरली होती. पाच महिने आधी! बातमी कडलूरला पोचली २९ जूनला.

तर भाषण मी कडलूरपासूनच सुरू करतो, बालपण दोन मिनिटांत. वाचनवेडी, कैद्यांचं घेतोय, तेही उशा-लोडांच्या लगेच पाठोपाठ. परतीच्या वाटेवर केपला शत्रूचेच इंग्रज कप्तान त्याला मान द्यायला त्याच्या जहाजावर गेले, तेही ठेवतो. मृत्यू १७८८, पॅरिस. द्वंद्वात मेला ही वदंता वगळली.

शेवटचा प्रश्न. एका कुशीच्या सगळ्या तोफा एकदम डागतात, त्याला 'ब्रॉडसाइड' म्हणतात. मराठीत काय म्हणू?

शिडाचा_माणूस:

सरबत्ती. एका कुशीची सरबत्ती म्हणा, समजेल. राजमे मात्र रात्रीच भिजत टाका, भाषणाच्या दिवशी सकाळी आठवलं तर शिजणार नाहीत.