बँडची वाद्ये पितळीच हवीत, की प्लास्टिक-फायबरचीही चालतील?

चर्चाप्रस्ताव (अमळनेर, युफोनियम या खर्जातल्या पितळी वाद्याचा वादक)

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास आपल्या खान्देशात लग्नतिथींची एवढी दाटी असते की एक वरात पोहोचवून घाम पुसतो न पुसतो, तोच दुसऱ्या गावची गाडी धरावी लागते. आणि त्याच दिवसांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात गेलेला असतो. उन्हात तापलेल्या पितळेला हात लावताना बोटे भाजतात. सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा मोठा भोंगा, वाजवणाऱ्याचे हाल तर याहून वाईट, कारण 14-15 किलोचे वेटोळे खांद्यावर घेऊन त्याला तासन्‌तास चालावे लागते. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या संचलन बँडमध्ये 1960 च्या दशकापासून फायबरग्लासचे सूझाफोन वापरात आहेत. त्यांचे पिस्टन (स्वर बदलण्यासाठी बोटांनी दाबायचे दट्टे) आणि त्यांच्या भोवतीच्या नळ्या पितळीच असतात, फक्त वेटोळे व पुढचा भोंगा फायबरचा असतो, आणि तेवढ्यानेच वजन चार-पाच किलोंनी उतरते. आपल्याकडेही मोठी वाद्ये फायबरची असावीत आणि शिकाऊ मुलांच्या हाती आधी प्लास्टिकचे वाद्य द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (धुळे, वाद्यदुरुस्ती करणारा)

मी पूर्णपणे असहमत आहे. मिरवणुकीच्या गर्दीत वाद्य आपटते, टेम्पोत एकावर एक रचताना दबते, आणि हंगाम संपला की पोचे पडलेली वाद्ये माझ्याकडे येतात. पितळेचा पोचा आतून गोळा फिरवून आणि बाहेरून हलक्या हाताने ठोकून काढता येतो, निखळलेल्या सांध्याला डाख देता येतो. त्यामुळे मेरठच्या जली कोठीतून, म्हणजे बँडवाद्यांच्या बाजारातून, वडिलांनी आणलेले वाद्य मुलगाही वाजवतो, अशी घरे मला ठाऊक आहेत. अगदीच निकामी झाले तरी पितळ मोडीत वजनावर विकले जाते. फायबरला पोचा पडत नाही, थेट तडा जातो. तो काचतंतूंची जाळी आणि रेझिन लावून सांधता येतो, हे खरे. परंतु घासताना उडणारी काचेची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, आणि सांधलेल्या वाद्याला पुढे कोणी किंमत देत नाही.

प्रतिसाद (चोपडा, भौतिकशास्त्राचा शिक्षक)

‘प्लास्टिकचा आवाज प्लास्टिकसारखाच येणार’ हा समज आधी दूर व्हायला हवा. या वाद्यांत ओठांच्या कंपनाने नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो. स्वर ठरतो तो नळीची लांबी, तिचा आतला व्यास आणि भोंगा कसा रुंदावत जातो यांवरून. भिंतीच्या धातूचा परिणाम अगदीच नसतो असे नाही, परंतु तो या गोष्टींपुढे फार लहान आहे.

आता उन्हाविषयी. हवा 20 अंशांवरून 40 अंशांवर गेली की तिच्यातील ध्वनीचा वेग सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे कीबोर्डच्या (काळ्या-पांढऱ्या धरून) लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतराच्या निम्म्याहून थोडा जास्त स्वर चढू शकतो. सोबतचा कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही, आणि मग बँड बेसूर झाल्याचा ठपका वादकावर येतो. वाद्य कशाचेही असले तरी ही अडचण राहणारच. तिच्यावर उपाय म्हणजे सूर लावण्याची नळी बाहेर ओढणे. मे महिन्यात प्लास्टिक हाताला भाजत नाही, एवढा फायदा मला मान्य आहे.

प्रतिसाद (शिरपूर, बँडमालक)

सुपारी द्यायला येणारा माणूस आधी वाद्यांची झळाळी पाहतो. शिवाय अडीअडचणीला पितळ विकून पैसा उभा करता येतो. उघड्या टेम्पोत उन्हाने फिका आणि ठिसूळ झालेला प्लास्टिकचा भोंगा मी कोणाला विकू?

प्रस्तावकाचे उत्तर

ऊन प्लास्टिकला खाते, ही गोष्ट मी नाकारत नाही. वाद्याला खोळ घालण्याची शिस्त लावावीच लागेल. पण मोडीचे पैसे मालकाच्या हाती पडतात आणि वजन मात्र रोजंदारीवरच्या वादकाच्या खांद्यावर राहते, याचा विचार मालकांनी करावा. आमच्या पथकात मानेच्या आणि पाठीच्या दुखण्याने हंगाम अर्ध्यावर सोडलेले वादक मी पाहिले आहेत. ब्रिटनमध्ये विकसित झालेला प्लास्टिकचा ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचे वाद्य) जेमतेम 800 ग्रॅमचा असतो, पितळी त्याच्या जवळपास दुप्पट; हेल्मेटला वापरतात त्याच एबीएस प्लास्टिकचा तो असल्याने दहा वर्षांच्या मुलाच्या हातून पडला तरी पोचा पडत नाही. आणि पीव्हीसी पाइप व चटयांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावात फायबर सांधणारा हात मिळणार नाही, हे मला पटत नाही.

प्रतिसाद (धुळे, वाद्यदुरुस्ती करणारा)

खांद्याचा मुद्दा मी मान्य करतो, पण तो केवळ सूझाफोनपुरता. ट्रंपेट आणि युफोनियम हलके करण्याची गरज मला अजूनही दिसत नाही. धुळीत प्लास्टिकचा पिस्टन अडकला तर भर वरातीत वादकाने काय करावे? फायबरचा तडा गेलेला भोंगा कोणाकडे असेल, तर पावसाळ्यात काम कमी असताना माझ्याकडे पाठवावा. मी तोंडाला फडके बांधून, ओले घासून तो सांधून पाहीन, आणि पुढच्या आखाजीला तो किती टिकला ते इथेच लिहीन.