मदत हवी आहे : बाळंतिणीचा स्कोअर १४, घरचे म्हणतात सव्वा महिना जाऊ दे

पाणंद :
देवगड तालुक्यातली वाडी. पहिलटकरीण, माहेरी आहे, आज १९वा दिवस. टाके कोरडे, बाळाचं वजन वाढतंय. आशाताई १४व्या दिवशी गेल्या तेव्हा ती नुसती रडत होती. काल एडिनबर्ग प्रश्नावली (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची, दहा प्रश्नांची) घेतली : ३० पैकी १४. दहाव्या, स्वतःला इजा करावीशी वाटते का या प्रश्नाला ‘क्वचित’, म्हणजे १. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही. विळी नजरेसमोर नको म्हणते, विहिरीकडची खिडकी लावून घेते. घरात एकच, ‘भायरचा कायतरी लागला हा’. गाऱ्हाणं घालून झालंय. नवरा मुंबईला, गणपतीत येणार. थांबावं का? न्यावं कुठे? आणि आई म्हणते गोळ्यांनी दूध आटतं, तिला काय सांगू?

सुरंगी :
थांबू नका. बाळंतपणानंतरचं नेहमीचं रडू तिसऱ्या दिवसाच्या आसपास सुरू होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी जोर धरतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. हिचे दोन आठवडे उलटले, वर झोप गेलेली.

१३ किंवा जास्त आले तर डॉक्टर, हे तुम्हाला माहीत आहेच. पण बेरजेच्या आधी दहावा प्रश्न बघायचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण ५ असले तरी त्याच दिवशी सरळ विचारा : जीव द्यावासा वाटतो का, किती वेळा, कसं करायचं ते ठरवलंय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आज रात्रीपासून तिला एकटं ठेवू नका, विहिरीवर तर नाहीच. कलमांच्या फवारणीची औषधं पडवीत उघडी असतात, ती कुलपात घाला. किल्ली तिच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

एक विचारते, प्रश्नावली घेताना आई शेजारी होती का?

पाणंद :
होती. मीच वाचून दाखवली.

सुरंगी :
मग १४ कमीच असतील. पुन्हा घ्या, ती एकटी असताना. गेल्या ७ दिवसांतलंच विचारा. गुण मोजतानाही घोळ होतो : १, २ आणि ४ या प्रश्नांत वरचं उत्तर ०, खालचं ३, बाकी सातांत उलटं.

आगर :
विळी-विहिरीचं जरा नीट बघा, इथेच घरचे घाबरून चुकतात. ‘माझ्या हातून बाळाला काही होईल’ असे विचार नको असताना घुसतात, आई त्यांनी हादरते, ती वस्तूच टाळते. खिडकी लावून घेणं हे त्यातलं वाटतं. हा चिंतेचा भाग असतो, त्यावर उपचार आहेत. बाळ तिच्यापासून काढून घेऊ नका, त्याने भीती पक्की होते. मात्र तिच्या स्वतःच्या जिवाचा प्रश्न वेगळा, त्यासाठी सोबत हवीच.

याउलट बाळ बदललंय, त्याच्यात कुणी शिरलंय, आवाज सांगतात असं ती ठामपणे बोलायला लागली, रात्रभर न झोपताही दमत नाही, घडीत हसते घडीत बिथरते, तर तो बाळंतवेडाचा झटका. हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. तेव्हा १०८ला फोन, त्याच तासाला. बाधा म्हणून सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो यातच.

खळं :
सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, आधी फोन करून वार विचारा. पण दहाव्या प्रश्नावरून विचारल्यावर ‘ठरवलंय’ आलं तर वाराची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी. आज रात्री काही वाटलं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. ‘रत्नागिरीला (मनोरुग्णालयात) टाकतील’ ही धास्ती असेलच. बहुतेकींना भरती लागत नाही. लागलीच, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडत नाहीत.

सोबत हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतो आणि चित्र असंच दिसतं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस आहेत, बऱ्याच जणी घरी आल्या की सोडतात.

दुधाबद्दल : अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर बहुधा सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी देतात, ती दुधात फार थोडी उतरते. फरक पडायला २ ते ४ आठवडे लागतात. पाचव्या दिवशी ‘काय उपयोग नाय’ म्हणून सोडतात, किंवा बरं वाटलं की एकदम बंद करतात. दोन्ही चूक. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. आईला एवढंच सांगा, ‘दूध आटेल ते झोप नसल्याने, पेज खाली न गेल्याने’. मेडिकलमधून झोपेची गोळी मात्र आणू नका. बाळ सुस्तावतं, आणि गोळी घेऊन बाळ कुशीत घेऊन झोपणं धोक्याचं.

आगर :
झोपेची सोय आजच लावा. रात्री ९ला पाजून तिने दुसऱ्या खोलीत झोपायचं, सोबतीला कुणीतरी घेऊन, आईने बाळाजवळ. पुढचं पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर, वाटी-चमच्याने. सलग चार-पाच तास मिळायला हवेत. छाती दाटली तर उठून थोडं काढून टाकायचं.

आणि बाळंतिणीच्या खोलीत शेकाची शेगडी असेल तर दार-खिडकी लावून ठेवू नका. पावसात सगळे लावतात. निखाऱ्यांच्या वायूने तिचं डोकं जड होतं, बाळाला तर जास्तच धोका.

पाणंद :
आई गोठ्यात गेली तेव्हा पुन्हा विचारलं. १८. दहाव्याला ‘कधीकधी’, काही ठरवलेलं नाही म्हणते. औषधाचे डबे शेजाऱ्यांच्या घरी ठेवले. नवऱ्याला फोन केला, तो आज रात्रीच्या गाडीने निघतोय. उद्या सकाळी ओरोस.

खळं :
माता-बाल कार्ड आणि दोन्ही वेळची प्रश्नावली न्या. डॉक्टरांशी बोलताना तिला थोडा वेळ एकटीला बसू द्या, आई-नवरा बाहेर.